परान्न आणि पेठ : काशीतील मराठी पांथस्थाचे जेवण

मराठी माणसाने काशीविषयी जे लिहिले, त्यात घाटांची वर्णने आहेत, विश्वेश्वराच्या दर्शनाचे सोहळे आहेत, पंडितांच्या सभांचे वृत्तांत आहेत, मणिकर्णिकेवरील चितांचा धूरही आहे. परंतु दूरच्या त्या नगरीत लेखक रोज दोन वेळ कोठे जेवला, हे बहुधा सांगितलेले नसते. जेथे सांगितले आहे तेथे पदार्थाची चव क्वचित येते. येते ती दुसरीच माहिती. अन्न कोणाच्या घरचे होते, कोणी शिजवले, पंक्तीस कोण होते. प्रवासातल्या जेवणाचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ रुचीच्या अंगाने झालाच नाही. तो अधिकाराच्या अंगाने झाला. त्या विचारासाठी आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : परान्न.

या शब्दाचे वजन कळावे म्हणून एकनाथांच्या चरित्रपरंपरेतील हरिपंडितांची कथा आठवावी. नाथांचा हा मुलगा व्युत्पन्न शास्त्री. वडील प्राकृतात पुराण सांगतात आणि कोणाच्याही घरी जेवतात, या दोन गोष्टी त्याला खपेनात. तो रुसून काशीस जाऊन राहिला. नाथ त्याला परत आणावयास गेले तेव्हा त्याने दोन अटी घातल्या : प्राकृत पुराण सांगू नये आणि परान्न घेऊ नये. नाथांनी त्या मान्य केल्या. पुढे पैठणातील एका स्त्रीचा सहस्रभोजनाचा संकल्प राहून गेला होता. एका नाथांना जेवू घातले की तो पुरा होईल, या श्रद्धेने तिने त्यांना बोलावले. तोडगा म्हणून स्वयंपाक हरिपंडितांनीच केला. नाथ जेवले, हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलू लागले, तो तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या. चमत्कार बाजूस ठेवला तरी कथेच्या रचनेत एक अर्थ आहे. भाषा आणि अन्न या दोन सोवळ्यांची जोडी कथाकाराने जाणूनबुजून जुळवली आहे, आणि त्या सोवळ्याचे आश्रयस्थान म्हणून काशीचे नाव घातले आहे. गंमत अशी की, नाथांचे प्राकृत भागवत 1573 मध्ये पुरे झाले ते याच काशीत. म्हणजे ही नगरी एकाच वेळी सोवळ्याचे माहेर आणि सोवळे मोडणाऱ्या ग्रंथाचे जन्मस्थान ठरली.

काशीस गेलेला मराठी माणूस केवळ यात्रेकरू होता, अशी एक सोपी समजूत आहे. वस्तुतः पुष्कळ जण कामासाठी गेले. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे जाऊन स्थायिक झाले ते अध्यापनासाठी. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट यांनी प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला, आणि विश्वेश्वराच्या मंदिराच्या पुनर्निर्माणाशी त्यांचे नाव जोडले गेले. याच घराण्यातील कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ 1612 चा. गागाभट्ट 1674 मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर आले तेही याच घराण्यातले. अठराव्या शतकात मराठी सत्ता उत्तरेत पसरली तेव्हा कारकून, वकील, सावकार, पुजारी आणि स्वयंपाकी यांची ये-जा वाढली. अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे मंदिर नव्याने उभारले, भोसल्यांचा घाट झाला, बायजाबाई शिंद्यांनी 1830 च्या सुमारास शिंदे घाट बांधविला. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी वस्ती दाट झाली. दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी अप्पा काशीस राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या पुढे झाशीची राणी झाली.

या माणसांच्या पोटाची सोय दोन वाटांनी होई. एक शिधा, दुसरी अन्नछत्र. शिधा म्हणजे कोरडे धान्य, डाळ, तूप, मीठ. देणारा कोणीही असो, चूल घेणाऱ्याची. त्यामुळे दान पोचते आणि परान्नाचा दोष लागत नाही. आपल्या समाजव्यवहारातील ही फार चतुर योजना आहे. विष्णुभट गोडसे वरसईहून 1857 मध्ये निघाले ते बायजाबाईंच्या यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल म्हणून. म्हणजे तोही कामाचाच प्रवास. त्यांचा ‘माझा प्रवास’ बंडाच्या हकिकतीसाठी वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. पण तोच ग्रंथ भिक्षुकाच्या अर्थकारणाचा दस्तऐवज म्हणून वाचला तर शिधा, दक्षिणा आणि लूट या तीन शब्दांभोवती तो फिरताना दिसतो. सारे काही अनेकदा लुटले गेल्यावरही या गृहस्थाने गंगेची कावड खांद्यावरून कोकणापर्यंत आणली.

अन्नछत्राची गोष्ट निराळी. तेथे शिजलेले अन्न मिळे, पण ते कोणाला मिळावे हे दात्याने ठरवलेले असे. विद्यार्थी, संन्यासी, ब्राह्मण. त्यातही कोठे अमुक देशचे, कोठे तमुक शाखेचे. ‘मुक्तद्वार’ हा शब्द आपल्या कागदपत्रांत आढळतो खरा, पण तो सणाच्या दिवसाचा शब्द आहे, रोजचा नव्हे. घाटांच्या पायऱ्या ज्यांनी रचल्या त्या पाथरवटांना, पालखीच्या भोयांना, सरदाराच्या घोड्यामागे धावलेल्या मोतद्दारांना त्या पंगतीत पान नव्हते. आपल्या इतिहासलेखनाने अन्नछत्रांच्या औदार्याची नोंद भरपूर केली आहे. दारावर होणाऱ्या चौकशीची नोंद तितकी केलेली नाही.

मग ज्याला शिधा नाही आणि छत्रही नाही त्याने काय करावे? येथे उत्तर हिंदुस्थानातील एक रूढी उपयोगी पडली. तेथे अन्नाचे ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ असे दोन वर्ग मानीत. पाण्यात शिजवलेले ते कच्चे : भात, डाळ, तव्यावरची पोळी. तुपात तळलेले ते पक्के : पुरी, कचोरी, मिठाई. कच्चे अन्न आपल्या जातीच्याच हातचे हवे. पक्के मात्र हलवायाच्या दुकानातून घ्यावयास हरकत नसे. आपल्याकडेही याच तर्काने दुधात भिजवलेली दशमी प्रवासास चाले, आणि ‘जेवण’ व ‘फराळ’ यांत भेद केला जाई. काशीच्या बाजारात सकाळी कढईभोवती जी गर्दी दिसते, कचोरी आणि जिलबीचा जो थाट दिसतो, त्याच्या मुळाशी केवळ जिव्हालौल्य नाही. परक्या माणसाला नियम न मोडता खाता येईल असे अन्न त्या बाजाराने शतकानुशतके पुरवले. काशीचे रस्त्यावरचे खाणे हे धर्मशास्त्राने ठेवलेल्या एका फटीत वाढलेले झाड आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

याला विद्वत्तेचीही साक्ष आहे. रघुनाथ या मराठी पंडिताचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ सतराव्या शतकाच्या अखेरचा. हा रघुनाथ काशीच्या अनंतदेवांचा शिष्य मानला जातो, आणि हे अनंतदेव एकनाथांना आपले पूर्वज म्हणत. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा कालनिर्णय केला आणि जिलबीचा इतिहास शोधताना त्याचा आधार घेतला. जिलबी हे नाव अरबी-फारसीतून आलेले. परदेशी पदार्थ तुपाच्या कढईतून निघाला की पक्का होतो, आणि एका शास्त्र्याच्या संस्कृत ग्रंथात जाऊन बसतो. पदार्थाचे कुळ कोणी विचारले नाही. विचारले ते तळणाऱ्याचे.

हीच गोष्ट उलट बाजूने पुण्यात दिसली. 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोश्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापविली, आणि ग्रामण्य उभे राहिले. रानडे, टिळक अशी माणसे त्यात सापडली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगून वादाला उत्तर दिले. एका पेल्याचा हिशेब गंगेच्या काठी चुकता करावा लागला. चहा चिनी की आसामी, बिस्किटांचे पीठ कोठले, याची चिकित्सा या वादाचा विषय नव्हती. पेला पुढे करणारा हात ख्रिस्ती होता, एवढाच मुद्दा होता. टिळकांच्या चरित्रकारांनी हा प्रसंग त्यांच्या व्यवहारचातुर्याचा नमुना म्हणून रंगवला आहे. मला त्यात काशीच्या एका नव्या उपयोगाची नोंद दिसते : घरी झालेल्या परान्नाचे परिमार्जन करणारे ठिकाण.

काशीतील जेवणाचा अनुभव ज्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला, असे एक मराठी लेखक म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळचे हे तरुण 1899 च्या अखेरीस घर सोडून निघाले, पुणे-ग्वाल्हेर करीत काशीस पोचले, आणि गंगाधरशास्त्री तेलंगांकडे संस्कृत शिकू लागले. ‘निवेदन’ या 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या दिवसांचे वर्णन आहे. विद्या फुकट मिळते, पोटाची वाट अन्नछत्रातून जाते, आणि छत्रात शिरताना आपण कोण हे सांगावे लागते. कोसंबी सारस्वत. सारस्वतांच्या पंक्तिव्यवहाराचा वाद जुना. गागाभट्टांच्या काळीही त्यावर निर्णय मागितले गेले होते. ज्ञानाच्या भुकेने व्याकूळ झालेला माणूस रोज दुपारी आपल्या कुळाचा दाखला घेऊन ताटावर बसतो, ही स्थिती किती लाजिरवाणी असेल याची कल्पना आज करता येणे कठीण आहे. ‘निवेदन’ची शैली मात्र अशी की तक्रारीचा सूर कोठे लागत नाही. कोसंबींनी आपली हलाखी जमाखर्चासारखी मांडली आहे, आणि म्हणूनच ती वाचकाच्या मनात टिकते. मराठी आत्मचरित्रात एवढा अनलंकृत गद्यकार दुसरा क्वचितच सापडेल.

1902 च्या प्रारंभी त्यांनी काशी सोडली. बुद्धाच्या धर्माचा शोध घेत नेपाळ, बुद्धगया असे करीत ते सिंहलद्वीपास गेले, आणि कोलंबोच्या विद्योदय विहारात त्यांनी दीक्षा घेतली. तेथे अन्नाचा नियमच बदलला. भिक्षूने पात्रात जे पडेल ते घ्यावयाचे. देणाऱ्याची जात विचारावयाची नाही. काशीच्या छत्रात घेणाऱ्याची परीक्षा होती, भिक्षापात्रात कोणाचीच नव्हती. पुढे 1910 पासून कामानिमित्त ते हार्वर्डला गेले, आणि परक्या देशात, परक्या पंक्तीत वर्षे काढली. जेवण हा विषय त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही असेच म्हणावे लागते : ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात बुद्धाच्या व जैन श्रमणांच्या मांसाहाराची चर्चा करून त्यांनी वादळ ओढवून घेतले, आणि 1947 च्या जूनमध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला.

आगगाडीने या जुन्या व्यवस्थेला जो धक्का दिला त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. गंगेवरचा पूल 1887 मध्ये सुरू झाला आणि काशीची वाट महिन्यांवरून दिवसांवर आली. डब्यात चूल मांडता येत नाही; शेजारी कोण बसावे हेही ठरवता येत नाही. पण खरा बदल गाडीने केला त्याहून अधिक पैशाने केला, असे मला वाटते. जेवणाला दर लागला. मराठी उपाध्यांच्या घरी उतरणारा यजमान दक्षिणेच्या रूपाने जे देई ते मोजून देण्याचे नव्हते. खानावळीत मोजून द्यावे लागते. दान घेणाऱ्याला आपले नाव-गाव सांगावे लागते. विकत घेणाऱ्याला लागत नाही. खानावळीतही प्रारंभी पाटीवर जात लिहिलेली असेच, हे विसरून चालणार नाही. तरी गल्ल्यावर बसणारा माणूस हळूहळू जानव्याकडे न पाहता नाण्याकडे पाहू लागला. बाजारूपणाची निंदा करणे ही आपल्या अभिरुचीची सवय झाली आहे. पण अनेकांना प्रथम सन्मानाने बसता आले ते विकतच्या ताटासमोरच. याच काळात काशीत वाढलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांसारख्या मराठी माणसाचे कामही बदलले होते. यज्ञ आणि पाठशाळा यांऐवजी छापखाना आला. 1920 मध्ये निघालेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाला पराडकरांच्या संपादनाने कीर्ती मिळाली.

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रासाठी मी वाराणसीस गेलो होतो. तीन दिवसांपैकी दोन रात्री बंगाली टोल्यातील एका लहान उपाहारगृहात जेवलो. या गल्ल्यांत परदेशी प्रवाशांमुळे अनेक देशांचे पदार्थ मिळतात : कोरियन, इटालियन, इस्रायली. फळ्यावर खडूने लिहिलेल्या यादीत ‘क्यूबन राइस’ असे एक नाव होते. कुतूहलाने मागवले. ताटात आला तो राजमा आणि भात, बाजूला तुपात परतलेले केळे आणि टोमॅटोचा रस्सा. क्यूबातील माणसाने ते आपले म्हणून ओळखले असते की नाही याविषयी मला शंका आहे. तिकडे काळ्या घेवड्याबरोबर शिजवलेल्या भाताला ‘मूर आणि ख्रिस्ती’ असे नाव आहे; स्पेनमध्ये शतकानुशतके लढलेले दोन धर्म एका पातेल्यात. आचारी मिर्झापूरकडचा होता. त्याला क्यूबा कोठे आहे हे ठाऊक नव्हते आणि त्याने काही बिघडले नव्हते.

तथापि त्या ताटात क्यूबा त्याच्या कल्पनेपेक्षा अधिक होता. कोलंबस 1492 मध्ये त्या बेटावर उतरला, तेव्हा तेथील टाइनो लोक एका पानाची सुरळी पेटवून धूर ओढताना त्याच्या माणसांनी पाहिले. पुढच्या काही दशकांत स्पॅनिशांच्या तलवारीने, सक्तीच्या श्रमाने आणि रोगांनी टाइनो समाज उद्ध्वस्त झाला. पण त्यांचे काही शब्द उरले. ‘बटाटा’ हा त्यांपैकी एक. मूळ अर्थ रताळे. पोर्तुगीजांच्या तोंडून तो गोव्याच्या किनाऱ्यावर आला आणि मराठीत राहिला. काशीचा माणूस ‘आलू’ म्हणतो. तेथे जाऊन ‘बटाटा’ म्हणणारा मराठी माणूस नकळत त्या नाहीशा झालेल्या लोकांची भाषा बोलतो. ‘पपई’ त्याच प्रदेशातली, ‘तंबाखू’ही बहुधा तिकडचाच. उलट दिशेने गेली ती साखर. ‘शर्करा’ हा आपला शब्द फारसी-अरबीतून स्पॅनिशमध्ये गेला, ऊस कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत त्या बेटांकडे नेला गेला, आणि क्यूबाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी तो पिकवला. गुलामगिरी तेथे 1886 पर्यंत टिकली. फर्नांदो ओर्तिझ या क्यूबन अभ्यासकाने 1940 मध्ये तंबाखू आणि साखर यांचा संवाद रचून आपल्या देशाचा इतिहास सांगितला. त्याच्या ग्रंथाला काशीत जोडावयाचे एक प्रकरण राहून गेले आहे : जिलबीच्या पाकात त्याची साखर आहे आणि जेवणानंतरच्या बनारसी पानात त्याची तंबाखू.

आपल्या शास्त्रकारांना याची दखल घ्यावीशी वाटली नाही, कारण त्यांचा प्रश्नच तो नव्हता. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात, 1941 मध्ये, कोणाचे अन्न घ्यावे व कोणाचे घेऊ नये याचे नियम साक्षेपाने एकत्र केले आहेत. त्या याद्या वाचताना माणसांचे वर्ग डोळ्यांपुढून सरकतात : वैद्य, नट, सुतार, गणिका, व्याजखोर. पदार्थांविषयीही निषेध आहेतच. पण सोळाव्या शतकानंतर समुद्रापलीकडून आलेल्या वनस्पतींना त्यांनी अडवले नाही. मराठी घरातील एकादशीचे ताट पाहावे. साबुदाणा होतो तो टॅपिओकाच्या कंदापासून. शेंगदाणा, बटाटा, रताळे, हिरवी मिरची यांच्यासारखाच तो कंदही अमेरिका खंडातला. उपवासाचे पवित्र अन्न जवळजवळ सगळे म्लेंच्छांच्या गलबतांतून उतरले, आणि गहू-तांदूळ हे जुने सोबती त्या दिवशी वर्ज्य ठरले. परदेशी पदार्थाला आपण इतक्या सहज सोवळ्यात घेतले. शेजारच्या वस्तीतल्या माणसाला मात्र ओसरीवर पाण्याचे भांडे दुरून दिले.

त्या उपाहारगृहात चार टेबले होती. एकावर दोन जपानी विद्यार्थिनी, दुसऱ्यावर मदनपुऱ्यातला एक साडीचा व्यापारी आपल्या गिऱ्हाइकासह, तिसऱ्यावर रुग्णालयात आप्त असलेले बिहारचे एक कुटुंब. आचाऱ्याने कोणाचे आडनाव विचारले नाही. मला फक्त तिखट किती घालू एवढे विचारले. ताटाचे पैसे त्याने वहीच्या कागदावर लिहून दिले. तेथून मी मुक्कामाच्या धर्मशाळेत परतलो. दुसऱ्या दिवशी निघताना तेथील नोंदवहीत सही करावी लागली. वही नवी होती, छापील रकान्यांची. नाव, गाव, येण्याचे प्रयोजन आणि त्यानंतर चौथा रकाना ‘ज्ञाती’. माझ्या आधीच्या पानावरील सर्वांनी तो भरलेला होता.